मशीन कुणाला विचारत होतं

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं बाल्कनीच्या काचेपाशी उभे होतो आणि मी हिच्यावर खेकसत होतो. हातात दोन छापलेली पानं. एक जुनं, एक नवं. एकावर एक ठेवायची, काचेला लावायची, आणि मागून ऊन आलं की दोन्हींवरची अक्षरं एकमेकांवर बसली का ते बघायचं. बसली तर पान पास. नाही बसली तर सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी माती खाल्ली.

"अहो, सरळ धरा. हात तुमचा हलतो आणि ओळ हलली म्हणून ओरडता."

"हात नाही हलत. तू चष्मा पूस."

"पुसलाय. साखर वाढलीय तुमची, म्हणून हलतो."

"पान बघ. डॉक्टरकी नको."

असा सगळा गठ्ठा आम्ही संपवला. शेवटचं पान तिने खाली ठेवलं आणि म्हणाली, "सगळं जागच्या जागी आहे. मी जरा पडते. डोकं धरलंय." मी म्हटलं, पड. चहाच्या वेळेला हाक मारली. उठली नाही. दुसरी हाक चिडून मारली. मग जवळ गेलो.

एवढंच. यापेक्षा लांबवून मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर फुटली, झोपेतच. मी त्यांना म्हटलं, अहो पण दुपारी पानं बघत होती ती. ते म्हणाले, होतं असं. मला अजून ते पटलेलं नाही. पानं बघत होती की.

या अंकाच्या संपादक बाईंनी कामाबद्दल लिहा म्हणून सांगितलं. मी म्हटलं, माझ्या कामात ही येणार, चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल. तेव्हा किती येणार ते मलाही माहीत नव्हतं.

मी आठवीपर्यंत शिकलो. प्रमिला, म्हणजे ही, दहावी पास. हे तिने मला कधी विसरू दिलं नाही. करोल बागेत एका छापखान्यात मी खिळे जुळवायचो. शिशाचे खिळे, उलटी अक्षरं. छापखाना गेला, कॉम्प्युटर आले, आणि मालकाच्या ओळखीने मी तिथल्याच एका संस्थेत चिकटलो. संस्था 'जुळणी' नावाचं सॉफ्टवेअर करायची. पुस्तकाची पानं लावायचं सॉफ्टवेअर. फुकट. आणि नुसतं फुकट नाही, उघडं. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बदलावं, सुधारून परत पाठवावं. मला वाटलं हे लोक महिन्याभरात दुकान बंद करणार. मी तिथेच म्हातारा झालो.

मला ठेवलं ते पान कसं दिसायला हवं ते कळतं म्हणून. पुढे बिल्ड माझ्या गळ्यात पडलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

बिल्ड म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोरं-पोरी कुठून कुठून तुकडे लिहून पाठवतात. नेपाळातून, ब्राझीलमधून, चेन्नईतून. हजारो फायली. त्या माणसाला वाचता येतात, पण कॉम्प्युटरवर तशाच चालत नाहीत. त्या ठरलेल्या क्रमाने यंत्राच्या भाषेत उतरवायच्या, एकीला दुसरी जोडायची आणि शेवटी एक बांधलेला गठ्ठा बाहेर काढायचा. तो लोक आपापल्या कॉम्प्युटरवर टाकतात. छापखान्यात खिळे जुळवून लोखंडी चौकटीत फर्मा आवळायचो, त्यातलाच प्रकार. फर्मा सैल राहिला की उचलताना अख्खं पान जमिनीवर. कोणतं आधी, कोणतं नंतर, कशाला काय लागतं, या सगळ्या सूचनांना बिल्ड सिस्टीम म्हणतात. आमच्या सूचना वर्षानुवर्षं वाढत गेलेल्या. जुन्या घराच्या वायरिंगसारख्या. कुठली वायर कुठे जाते कुणाला ठाऊक नाही, पण दिवा लागतो.

आणि त्या सूचना चालायच्या एकाच मशीनवर. ऑफिस बंद झालं, सगळे घरून काम करायला लागले, तेव्हा ते मशीन मी ऑटोत मांडीवर घेऊन द्वारकेला आणलं. जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवलं. तेव्हापासून 'जुळणी'ची प्रत्येक आवृत्ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात तयार झाली. सकाळी मी मशीन लावायचो आणि सोसायटीच्या पार्कात चालायला जायचो. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. परत येईपर्यंत बिल्ड झालेलं असायचं. मग नमुन्याची पानं छापायची आणि दुपारी ऊन त्या बाजूला आलं की दोघांनी काचेपाशी उभं राहायचं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. करोल बागेतला एक लग्नपत्रिकावाला रोज फोन करायचा, तुमचं सॉफ्टवेअर गणपती डावीकडचा उजवीकडे टाकतं. शेवटी मी स्वतः गेलो. तो पारदर्शक कागदावर छापायचा आणि कागद उलटा धरून बघायचा. मी कागद सुलटा केला. तो म्हणाला, "ये पहले बताना था ना." फुकटच्या वस्तूवर माणूस जेवढा हक्क गाजवतो तेवढा विकतच्या वस्तूवर गाजवत नाही.

दुसरे तांबोळी, इचलकरंजीचे. त्यांचा छोटा छापखाना, पहिलीच्या मुलांची पुस्तकं छापतात, मोठ्या टायपात. त्यांची तक्रार खरी होती. मोठ्या टायपात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर चढायचे आणि वेलांट्या छाटल्या जायच्या. ओळींमधल्या जागेचा एक तक्ता सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो मोठ्या अक्षरांना पुरत नव्हता. हे काम मुग्धाने घेतलं.

मुग्धा दिल्लीतच जन्मलेली मराठी मुलगी. मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम करते, आणि कंपनीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन आमचं. आमचं काम फुकट. पहिल्यांदा मला विचारते, "काका, उकार म्हणजे ते नीचे लटकतं ते ना?" मी कपाळावर हात मारला. पण काम चोख. दोन वर्षं ती त्या तक्त्याला बसली होती. प्रत्येक आकाराची अक्षरं घेऊन, मोजून, छापून. आवृत्तीत तक्ता गेला तेव्हा प्रमिलाने तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या.

मी तांबोळींना कळवलं, आलंय, घ्या. त्यांनी घेतलं. म्हणाले, "साहेब, अजून तसंच कापतंय."

"कसं शक्य आहे? मुलीने दोन वर्षं घातलीत त्यात."

"मी खोटं कशाला बोलू?"

"मग तुमचा प्रिंटर बदला."

मी असाच बोलतो. पुढच्या आवृत्तीनंतर त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा प्रिंटर म्हटलं. मग त्यांचा फोन यायचा बंद झाला. मी समजलो, बदलला.

आमच्या नमुन्याच्या पानांत मोठा टाईप नव्हता. सगळी बारीक अक्षरांची पानं, छापखान्याच्या सवयीने निवडलेली. आणि छापखान्याची दुसरी सवय अशी की नवं पान जुन्यावर तंतोतंत बसलं म्हणजे बरोबर. आम्ही दोघं काचेपाशी बघायचो काय, तर काही बदललं नाही ना.

बिल्ड सिस्टीम बदलायची असं पोरांनी ठरवलं ते ही जायच्या आधी. व्हिडिओवर मीटिंग होती. बंगळुरूचा एक जण इंग्रजीतून म्हणाला, समजा उद्या काका बसखाली आले, तर आवृत्ती कोण काढणार? मी म्हटलं, मी मेट्रोने जातो. सगळे हसले. आतून पोळ्या लाटता लाटता प्रमिला ओरडली, "यांना बस काय करतेय, बसच बंद पडेल!" तेही सगळ्यांनी ऐकलं आणि आणखी हसले. मुद्दा त्यांचा खरा होता. सगळं एका मशीनवर आणि एका म्हाताऱ्यावर. तेव्हा सगळे मिळून माझ्या मरणाची तयारी करत होतो, मीसुद्धा. ती आत पोळ्या लाटत होती.

ती गेल्यावर मी मशीनला हात लावला नाही. आवृत्ती रखडली. कुणी काही बोललं नाही. मग एका रविवारी मुग्धा दारात. हातात डबा, पाठीला लॅपटॉप.

"काका, चलो, सुरू करू."

"कशाला?"

"कारण तुम्ही कशालाच हात लावत नाही. आणि मला एकटीला जमत नाही, सच में."

मग ती दर रविवारी यायची. जुन्या सूचना एकेक ओळ वाचायची, मला विचारायची आणि नव्या पद्धतीने लिहायची. नव्या पद्धतीचा नियम एकच, आणि तो मला पटला. प्रत्येक वेळी बिल्ड कोऱ्या मशीनवर करायचं. भाड्याचं मशीन, कुठेतरी लांब. त्यात काहीच नाही. जे जे लागतं ते आधी नाव घेऊन सांगायचं. सांगितलं नाही तर मिळणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात हात मागे केला की मोहरीचा डबा हाताला लागतो, आपल्याला ते कळतसुद्धा नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन फोडणी करा, मग कळतं आपल्याला काय काय लागतं.

"काका, ही ओळ का आहे?"

"माहीत नाही."

"काढू?"

"काढ."

काढली की बिल्ड मोडायचं. परत घातली की चालायचं.

"यार काका!"

"मला काय विचारतेस? मी पण असंच शिकलोय."

माझ्या मशीनवर न सांगता पडून असलेल्या कितीतरी गोष्टी निघाल्या. एक जुना फाँट. एक छोटा प्रोग्रॅम, जो बनवणाऱ्याने केव्हाच बंद केला होता. मुग्धा प्रत्येक गोष्ट शोधायची आणि नव्या सूचनांत तिचं नाव लिहायची. मला वाटलं, संपत आलं.

आणि मग कोऱ्या मशीनवर बिल्ड अडकायला लागलं. चूक दाखवायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं थांबायचं. ठरलेली वेळ संपली की मशीन आपोआप बंद. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. सगळ्यांनी डोकी घातली. कुणी म्हणे मशीन कमी ताकदीचं आहे. मोठं घेतलं, तरी तिथेच.

शेवटी मुग्धानेच शोधलं. रविवार होता, ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, "काका, हे अडकलेलं नाहीये. हे विचारतंय."

"काय विचारतंय?"

तिने वाचून दाखवलं. ओळींच्या जागेचा तक्ता मागच्या आवृत्तीपेक्षा वेगळा दिसतो. नवा घेऊ का? वाय किंवा एन दाबा.

फार वर्षांपूर्वी कुणीतरी घालून ठेवलेला प्रश्न. घालणारा सोडून गेला. तक्ता कधी बदललाच नाही, म्हणून प्रश्न कधी आला नाही. मुग्धाने तक्ता बदलला तेव्हापासून तो यायला लागला असणार. तिथे भाड्याच्या मशीनपुढे कोणी बसलेलं नाही. म्हणून ते उत्तराची वाट बघत थांबायचं.

"तर इथे तुम्ही काय दाबत होतात?"

"कुठे?"

"इथे. घरच्या मशीनवर. प्रत्येक आवृत्तीला विचारलं असणार ना."

"मला कधीच काही विचारलं नाही."

"असं कसं? कुणीतरी उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणारच नाही हे."

मी म्हटलं, मी मशीन लावून चालायला जातो, आलो की झालेलं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि पूर्वीही नसायचं, एक सोडून.

मी चपला न घालता समोरच्या दारावर गेलो. तिथे मल्होत्रा भाभी राहतात. सकाळी मी पार्कात गेलो की त्या चहा घेऊन आमच्याकडे येऊन बसायच्या, दोघींचं रोजचं होतं. मी विचारलं, मशीनवर काही विचारणा आलेली प्रमिलाने कधी बघितली होती का?

"अरे भाईसाहब, वो तो हर बार आती थी! टूं टूं करती थी मशीन. प्रमिला उठकर एन दबा देती थी, चुप हो जाती थी."

"एन? नेहमी एन?"

"हमेशा. मैंने एक बार कहा, वाय दबा के देख. बोली, नहीं, घर का आदमी बाहर गया हो और कोई पूछे कि आपकी चीज़ बदल दूँ, तो ना ही बोलते हैं."



"मला का नाही सांगितलं तिने?"

भाभी म्हणाल्या, "बोलती थी, बता दूँगी तो मशीन के सामने बैठ जाएँगे, सैर पे नहीं जाएँगे. डॉक्टर ने सैर बोली है."

परत आलो तेव्हा मुग्धा तशीच बसलेली. मी सांगितलं. ती आधी हसली. भाभींचं वाक्य ऐकून जोरात हसली, "काकू पण ना!" आणि मग तिचं हसू मधेच थांबलं. मला तोवर कळलं नव्हतं. तिला कळलं होतं.

"एन म्हणजे नवा तक्ता नाही घेतला," ती म्हणाली. "जुनाच ठेवला. दर वेळी."

"हो."

"म्हणजे माझा तक्ता गेलाच नाही काका. एकाही आवृत्तीत. फक्त माझ्या लॅपटॉपवर. बाकी कुणाकडेच नाही."

मुलीने बसमध्ये धक्के खात दोन वर्षं काम केलं, आम्ही तिला पुरणपोळ्या खायला घातल्या, आणि ज्या बाईने त्या पोळ्या केल्या तिनेच दर वेळी एक बोट दाबून ते काम दाराबाहेर ठेवलं. आणि दुपारी आम्ही दोघं काचेपाशी उभे, सगळं जागच्या जागी आहे म्हणून खूश. त्या शेवटच्या दिवशीही सकाळी मशीनने विचारलं असणार. तिने उठून एन दाबला असणार. मग माझा चहा केला असणार.

मला वाटलं, मुग्धा आता उठून जाईल. ती उठली, बेसिनवर तोंड धुतलं आणि परत येऊन बसली.

"आता काय लिहायचं, काका? नव्या सिस्टीममध्ये प्रश्न नाही ठेवता येणार. उत्तर आधीच लिहावं लागेल."

साधं वाटतं, पण साधं नव्हतं. नवा तक्ता घेतला तर लोकांनी आधी लावलेली पुस्तकं नव्या आवृत्तीत उघडली की ओळी सरकणार, पानं वाढणार, मागची सूची चुकणार. नाही घेतला तर मोठ्या टायपातल्या वेलांट्या छाटल्या जात राहणार. त्या आठवड्यात मीटिंग झाली. सगळं सगळ्यांना सांगितलं. मग बंगळुरूचा तोच मुलगा म्हणाला, लोकांच्या शिव्या काका खातात, काकांनी ठरवावं.

आणि मुग्धा म्हणाली, "मला वाटतं, एनच राहू दे."

मीटिंग संपल्यावर मी तिला फोन केला. बसमध्ये होती, मागे गलका.

"हे काय बोललीस तू?"

"लोकांना सवय झालीय काका. कोणी तक्रार पण करत नाहीये. काकूंनी ठेवलंय तसं राहू दे ना."

"माझी कीव करतेस?"

"तुमची नाही. मला पण आवडायच्या त्या."

मी फोन ठेवला. खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. एन लिहिला की झालं. जगात जिथे जिथे कुणी 'जुळणी' उघडेल तिथे तिचं बोट राहील. मी लिहायला बसलोसुद्धा. फक्त तक्रार नाही हे मुग्धाचं वाक्य डोक्यात अडकलं. म्हणून संध्याकाळी तांबोळींना फोन लावला.

"साहेब! किती दिवसांनी."

"प्रिंटर बदललात का तुम्ही?"

"नाही बुवा. कुठून बदलणार?"

"मग वेलांट्यांचं काय करता? कापल्या जात नाहीत आता?"

"कापल्या जातात की. आमची सून बघते ते. पान लावून झालं की एकेक ओळ हाताने उचलते जरा. जिथे अडकतं तिथे. पहिलीचं पुस्तक म्हणजे पोरांना अक्षर अख्खं दिसलं पाहिजे."

"प्रत्येक पानाला?"

"प्रत्येक ओळीला म्हणा. घरचं आवरून बसते. सवय झालीय तिला आता."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की, साहेब." रागाने नाही म्हणाले. "मग वाटलं, तुम्हाला किती त्रास द्यायचा. होतंय घरच्या घरी."

फोन ठेवला. दिवा लावायचं राहून गेलं. माझ्या मशीनने न सांगता आणखी एका घरातली बाई खुर्चीत बसवून ठेवली होती, आणि त्या घरच्या माणसांनाही ते काम वाटत नव्हतं. अशा आणखी किती असतील, कुणाला माहीत? मला तर माझ्या घरातली माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुग्धाला कळवलं, वाय. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, आणि पुन्हा विचारू नकोस. नव्या आवृत्तीच्या खाली लोकांसाठी सूचना लिहिली, मला येते तशी: जुनी पुस्तकं जुन्या आवृत्तीतच उघडा, नव्यात उघडाल तर पानं सरकतील, शिव्या मला द्या. बिल्ड लावलं. कोऱ्या मशीनवर ते सुरू झालं. मी चालायला गेलो नाही. खुर्ची ओढून घरच्या पडद्यासमोर बसलो आणि ओळी वर सरकताना बघत राहिलो. जिथे अडकायचं ती जागा आली आणि गेली. कुठेही थांबलं नाही. कुणाला काही विचारलं नाही. प्रमिला ज्यासाठी चहा सोडून उठायची ते काम असं डोळ्यांदेखत संपलं, आणि मला कळेना की मी रडतोय कशाला, बिल्ड तर पास झालंय.

मग इचलकरंजीला फोन लावला.

"तांबोळी, सुनेला द्या फोन."

"तिला कशाला, साहेब? मला सांगा ना."

"तुम्हाला नाही. ओळी उचलते तिला द्या."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग एक बारीक आवाज आला, "हॅलो?"

"मी दिल्लीहून बोलतोय. 'जुळणी'वाला. नाव काय बेटा तुमचं?"

"यास्मिन."

"यास्मिन, नवी आवृत्ती आलीय. ती टाका. पहिलीचं पुस्तक नव्याने लावा आणि एकाही ओळीला हात लावू नका."

ती म्हणाली, "मागेपण तुम्ही म्हणाला होतात म्हणे, झालंय म्हणून."

"म्हणालो होतो. तेव्हा झालं नव्हतं."

"आता झालंय?"

"ते तुम्ही बघून मला सांगायचं."

"बघते. पण टाकायचं, लावायचं, वेळ जाईल काका. ठेवू का फोन?"

"नको," मी म्हटलं. "मी थांबतो."

तिने फोन टेबलावर ठेवला असावा. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग बटणांचा. मी कानाला फोन लावून बसून राहिलो.